सातव्या खोक्याच्या जागी

१

फळीवर बारा खोकी असायची. शुक्रवारी सकाळी ती अकरा होती. सहाव्या आणि आठव्याच्या मध्ये एक रिकामी खाच, तिच्यात उभी केलेली एक कोरी गुलाबी चिठ्ठी, आणि समोरच्या खुर्चीत ताठ बसलेल्या बाई.

"बघा," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षांचं काम. दिवसाढवळ्या नेलं."

ज्यांना बघायला सांगितलं त्या गृहस्थांना सगळा छापखाना कानामात्रा म्हणत असे. एक्केचाळीस वर्षं मुद्रितं तपासून ते नुकतेच निवृत्त झाले होते. सुटलेला काना त्यांना दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागायचा. एका शोकसभेच्या पत्रकावरही त्यांनी पेन्सिल फिरवली होती, तेव्हापासून त्यांचे मेहुणे त्यांच्याशी बोलत नव्हते. पोलिसांना कागदांचं खोकं गेलं म्हणून सांगितलं तर ते हसतील, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी यांना बोलावलं.

बाईंनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर एकाच गोष्टीचा ध्यास घेतला: इंग्रजीत जोडणारा शब्द कधी गाळता येतो आणि कधी येत नाही. वर्तमानपत्रं, कोर्टाचे निकाल, औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना, जिथे म्हणून वाक्य सापडेल तिथून उचलायचं आणि एका कार्डावर लिहायचं. शब्द गाळता येत असेल तर कोपऱ्यात लाल ठिपका, येत नसेल तर निळा. प्रत्येक प्रकरणाचं एक खोकं, बुटांचं. सातवं सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच गेलं होतं. त्या प्रकरणाची टाइप केलेली प्रत आणि तिची कार्बनची नक्कलही गेली होती.

"मला समजेल असं सांगा," कानामात्रा म्हणाले. "त्या सातव्यात होतं काय?"

बाई शिकवायला लागल्या की त्यांचं वय उतरायचं. "'मला माहीत आहे की तो खोटं बोलला.' यातला 'की' काढा. काही बिघडलं? नाही. इंग्रजीतला 'दॅट' असाच निघतो. आता 'मी पाहिलेला माणूस' घ्या. 'द मॅन हू आय सॉ.' तिथला 'हू' काढला तरी चालतं. पण 'आलेला माणूस', 'द मॅन हू केम', यातला काढून बघा. वाक्य बसलंच खाली! कारण इथे तो नुसता जोडत नाही. आला कोण? तोच आला. नुसतं जोडणाऱ्याला रजा देता येते, काम करणाऱ्याला नाही."

"एवढंच?"

"एवढंच कसं? गाळलेला शब्द ऐकणाऱ्याला आपोआप ऐकू आला पाहिजे. तरच गाळायचा."

मग त्यांनी गुरुवारची हकीकत सांगितली. दुपारी कानामात्रांचे जुने मालक, म्हणजे बाईंचे प्रकाशक, आले होते, सोबत बाईंचा जुना विद्यार्थी, आता मोठा प्राध्यापक. दोघं तासभर बसले. त्यांना निरोप देऊन बाई जरा आडव्या झाल्या, आणि संध्याकाळी हात लावून बघतात तर सातवं खोकं नाही. सोमवारी सकाळी पूर्ण पुस्तक पोचलं नाही तर मालक त्याऐवजी प्राध्यापकाचं छापणार होते.

"डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला या वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली आहे," बाई म्हणाल्या. "आत्ताच मधलं सगळं पुसट दिसतं. पुन्हा बसून करीन म्हटलं तर करणार कशानं? हे एकच पुस्तक होतं माझं."

त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांना त्याचा राग आला. "धाकटे, पाणी!"

धाकटी पाणी घेऊन आली. बाईंची बहीण, वय एकसष्ट, तरी अख्ख्या गावाची धाकटीच. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झाली होती आणि तो विनोद या घरात चाळीस वर्षं चालू होता. शेजारच्या खोलीत तिचा टाइपरायटर टॉवेलखाली झाकलेला दिसत होता. त्याची काळी पेटी मात्र खाली जमिनीवर, दोन्ही कड्या लावून बंद. मशीन बाहेर आणि रिकामी पेटी बंद, यंत्राला बिचाऱ्याला टॉवेलवर भागवावं लागतंय, असं कानामात्रांच्या मनात आलं आणि गेलं.

"यांना विचारू का काही?"

"तिला काय विचारायचंय?" बाई म्हणाल्या. "ती नुसती टाइप करते. चोर कोण ते मला माहीत आहे. तो प्राध्यापक गेल्यावर पुन्हा वर आला होता. एकटा. तुम्ही फक्त पुरावा आणा."

२

प्राध्यापक शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिकांच्या ढिगामागे बसला होता.

"या काका. बाईंनी माझ्याच नावानं बोटं मोडली असतील ना?"

"वर कशाला गेला होतात?"

"चष्मा राहिला होता. मालक खाली गाडीत बसले होते." त्यानं लाल पेन खाली ठेवलं. "खोटं कशाला बोलू? खोकं तिथेच होतं. मी झाकणाला हातही लावला. पण नेईन कशाला? सोमवारी मालक ते मलाच देणार होते. टाइप केलेलं कार्डांशी ताडून बघायचं काम माझ्याकडे दिलंय. जे घरपोच मिळणार ते कुणी चोरतं का?"

यात दम होता. कानामात्रांनी दुसरीकडून धरलं. "बाईंचं पुस्तक आलं नाही तर तुमचं येईल."

"येईल. आणि लोक म्हणतील, बाईंचंच उचललं." तो कडवट हसला. "काका, मला जे येतं ते त्या खोक्यांसमोर बसून शिकलोय. आणि शिव्याही तिथेच खाल्ल्या. त्या गुलाबी चिठ्ठ्या! काहीही बाहेर काढलं, कार्ड असो की खोकं, की त्या जागी गुलाबी चिठ्ठी उभी करायची, म्हणजे परत ठेवताना जागा चुकत नाही. चार वर्षांत मी एकदाही केली नाही. लक्षातच राहायचं नाही."

कानामात्रा निरोप घेऊन निघाले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर त्यांचा पाय थबकला.

सातव्याच्या जागी गुलाबी चिठ्ठी होती. ती बाईंनी ठेवली असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. पण जे खोकं चोरीला गेलं त्याच्यासाठी बाई चिठ्ठी कशाला ठेवतील?

३

मालक त्यांना बघून खूश झाले नाहीत. निवृत्त माणूस पुन्हा दारात आला की तो पगारवाढ मागतोय असंच त्यांना वाटायचं.

"ती चपलांची खोकी घेऊन मी काय करू?" ते म्हणाले. "हो, माझ्याकडे मोठी बॅग होती. तिच्यात जेवणाचा डबा होता. हुंगा हवं तर."

"प्राध्यापकाचं पुस्तक स्वस्तात पडतं तुम्हाला."

"पडतं. म्हणून सोमवारची मुदत घातली. घातली तोंडावर, चोरून नाही."

मालकांना दुष्टपणा करायलाही वेळ नसतो, हे कानामात्रा एक्केचाळीस वर्षं बघत आले होते. गुलाबी चिठ्ठ्यांबद्दल विचारलं तर ते म्हणाले, "कसल्या चिठ्ठ्या?"

"कार्डं ताडून बघायचं गुरुवारीच ठरलं का?"

"तिथेच ठरलं. बाई म्हणाल्या, बघा खुशाल. टाइप केलेल्यात वेगळं दिसलं तर कार्ड खरं धरा, धाकटीच्या हातून चुका होतात."

"हे धाकटीसमोर?"

"ती कप उचलत होती."

"काही बोलली?"

"ती?" मालकांना प्रश्नच कळला नाही. "ती काय बोलणार?"

कानामात्रा तसेच बाईंकडे गेले. बाई फळीजवळच उभ्या होत्या, हातभर अंतरावर.

"बाई, ती चिठ्ठी तुम्ही ठेवलीत का?"

बाईंनी मान वळवली. गुलाबी चिठ्ठी त्यांच्या नाकासमोर होती.

"कोणती चिठ्ठी?" त्यांनी विचारलं.

४

शनिवारी सकाळी कानामात्रांनी सहावं खोकं मागून घेतलं, आणि त्याच प्रकरणाची टाइप केलेली प्रतही. बाईंना सांगितलं, सवय म्हणून वाचतो.

पहिली कार्डं, जुन्या पिवळट कागदाची, टाइप केलेल्याशी तंतोतंत जुळत होती. मागच्या बाजूची, अलीकडच्या दोन वर्षांतली, काढली आणि त्यांनी चष्मा पुसला. कार्डावर लाल ठिपका, टाइप केलेल्यात 'गाळता येत नाही'. कार्डावर निळा, टाइपात 'गाळता येतो'. पन्नासातली बावीस कार्डं उलटी. बाई म्हणाल्या ते खरंच होतं तर, टाइप करणारीनं घोळ घातला होता.

पण बाईंनी काल शिकवलेला धडा ताजा होता. कानामात्रांनी एकेक वाक्य बोटावर धरून बघितलं. आला कोण? काम कोण करतं? सगळं बघून झालं तेव्हा त्यांनी कार्डं खाली ठेवली. टाइप केलेलं प्रत्येक उत्तर बरोबर होतं. चूक होती ती कार्डांवर.

बाईंसमोर टेबलावर पेन्सिलींचा पेला होता.

"बाई, जरा लाल पेन्सिल देता?"

"घ्या की." बाईंनी न चाचपडता हात घातला आणि शिक्षिकेच्या ऐटीत पेन्सिल पुढे केली. ती निळी होती.

कानामात्रांनी ती घेतली. "आभारी आहे," ते म्हणाले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दोन दिवसांत त्यांनी सगळ्यांना प्रश्न विचारले होते, मालकांच्या डब्यापर्यंत जाऊन आले होते. एका माणसाला मात्र त्यांनीही काही विचारलं नव्हतं.

ते उठले आणि शेजारच्या खोलीत गेले.

५

धाकटी खिडकीपाशी टॉवेलच्या कडा सारख्या करत होती.

"धाकट्या बाई," कानामात्रा हळू आवाजात म्हणाले, "पेटी उघडता का?"

तिनं नाही म्हटलं नाही. खाली बसली, दोन्ही कड्या काढल्या. आत सातवं खोकं होतं, त्यावर टाइप केलेली प्रत आणि कार्बनची नक्कल, सुतळीनं बांधलेली.

"कसं कळलं?"

"चोर पावती ठेवून गेला. प्राध्यापकाला जन्मात आठवली नसती, मालकांना ठाऊकच नाही, आणि बाईंना ती दिसलीसुद्धा नाही. उरलात तुम्ही."

धाकटी चिठ्ठी आठवून क्षणभर गोंधळली, मग स्वतःवरच हसली. "हातच गेला. रोज पंचवीसदा ठेवते ना. चोरी करायचीही अक्कल नाही मला."

"आणि सहावं प्रकरण मी ताडून बघितलं."

तिचं हसू गेलं.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "तिला लाल-निळं कळत नाही. डॉक्टरांनाही सांगत नाही. पेन्सिली मी वेगवेगळ्या ठेवून बघितल्या, ती परत एकाच पेल्यात टाकते. मग मी टाइप करतानाच नीट करायला लागले."

"तुम्ही? इंग्रजीत..."

"दोनदा नापास. म्हणा ना. बावीस वर्षं तेच टाइप करतेय, दगड असते तरी शिकले असते. एकदा नीट केलं, कुणाला कळलं नाही. दुसऱ्यांदा केलं. मग रोजचंच झालं. मला वाईटही वाटत नव्हतं, खरंच. पण परवा ती त्या दोघांसमोर म्हणाली, कार्ड खरं धरा, धाकटी चुकते. आता सोमवारी प्राध्यापक दोन्ही समोर ठेवणार. एक तर सगळ्या गावाला कळणार ताई आंधळी झाली. नाहीतर माझं बरोबर खोडून तिचं चुकीचं छापणार, आणि वर मला हसणार. मी दोन्ही नको म्हटलं. सातवं खोकंच उचललं. ते नसलं की पुस्तक अडतं, ताडून बघणंही टळतं."

"पुस्तकच गेलं असतं की त्यात."

"जाऊ दे म्हटलं!" ती एकदम मोठ्यानं बोलली, मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "एवढी पुस्तकं छापता तुम्ही लोक. माझ्याकडून एक पुस्तक गेलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? आता तिला काय सांगणार आहात?"

कानामात्रांना ते ठरवता येईना.

६

शेवटी त्यांनी कमीत कमी शब्दांत सांगायचं ठरवलं. बाईंसमोर बसले आणि म्हणाले, "खोकं सापडलं. धाकट्या बाईंनी दिलं."

बाईंनी मान त्यांच्या आवाजाकडे वळवली. बाहेर कुणीतरी पायपुसणी झटकत होतं.

"मध्ये काहीतरी गाळलंत," त्या म्हणाल्या.

"बाई..."

"मला ऐकू येतं हो. किती कार्डं चुकली आहेत?"

"सहाव्यात बावीस. सातव्यात जास्त असतील."

"आणि टाइप केलेलं?"

"सगळं बरोबर आहे."

बाईंनी टेबलावरचा पेला जवळ ओढला, एकेक पेन्सिल बोटांनी चाचपली आणि परत ठेवली. "मला वाटायचं हाताला सवय आहे, हात चुकणार नाही," त्या म्हणाल्या. मग हाक मारली, "धाकटे."

धाकटी दारात येऊन उभी राहिली. दोघी बहिणी एकमेकींकडे तोंड करून होत्या, आणि त्यातली एक दुसरीला धड बघू शकत नव्हती. बाई जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढत आल्या होत्या, स्वतःची कबूल करायची सवय तोंडाला नव्हती.

"पुस्तकावर दोन नावं टाइप कर," त्या म्हणाल्या. "माझं आणि तुझं. सारख्याच अक्षरात."

"बरं ताई," धाकटी म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी आणि रविवारी कानामात्रा आणि धाकटीनं मिळून बाराही खोक्यांतले ठिपके दुरुस्त केले. ती न अडखळता सांगायची, ते खोडायचे. सोमवारी प्राध्यापकानं कार्डं प्रतीशी ताडून बघितली आणि त्याला एकही चूक सापडली नाही. "बाईंची नजर अजून तशीच आहे," तो मालकांना म्हणाला. "आणि मी म्हणतो, धाकटीच्या हातूनही या वेळी काही घोळ झालेला नाही."

७

चार महिन्यांनी मुद्रितं आली. मालकांनी ती मुद्दाम कानामात्रांकडेच पाठवली, फुकटात होतील म्हणून. त्यांनी पहिलं पान काढलं आणि त्यांची पेन्सिल आपोआप उचलली गेली. पानावर एकच नाव होतं, बाईंचं. त्यांनी नावापुढे हंसपदाची खूण केली, राहिलेला शब्द आत घालण्याची, आणि पान घेऊन धाकटीकडे गेले.

"हे राहिलंय तुमच्याकडून."

"राहिलेलं नाही," धाकटी म्हणाली. "मी टाकलंच नाही."

"अहो, पण बाईंनी स्वतः सांगितलं! माझ्यासमोर."

"हो ना. तिला दिसत होतं तेव्हा मी तिला बावीस वर्षं दिसले नाही. आता दिसेनासं झालं तेव्हा दिसले." तिनं टाइपरायटरमधला कागद ओढून काढला. "असलं नाव मला नको. पुस्तक बरोबर छापलं जातंय ना? ते माझं आहे, मला माहीत आहे. खोडा ती खूण."

"एक्केचाळीस वर्षांत मी गाळलेलं कधी सोडलेलं नाही."

"मग आता सोडा."

त्यांनी तिच्या खोलीत, तिच्या देखत ती खूण खोडली. खोडरबर पानावर जरा जास्तच घासलं गेलं.

पुस्तक आलं तेव्हा बाईंना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. कानामात्रांनी पहिली प्रत त्यांच्या मांडीवर ठेवली. बाईंनी कडा चाचपल्या, कागद हुंगला, मग तळहात मुखपृष्ठावर सपाट ठेवला. शेजारच्या खोलीत टाइपरायटर चालू होता. धाकटी आता बाहेरचं काम घेत असे.

"दोन्ही नावं आहेत ना?" बाईंनी विचारलं.

टाइपरायटर थांबला.

"आहेत," कानामात्रा म्हणाले.

"तिचं कुठे आहे?"

"तुमच्याच शेजारी."

बाईंची बोटं गुळगुळीत कागदावरून सरकत राहिली, जणू अक्षरं हाताला लागतील. "आणि मध्ये 'आणि' घातलंय का?"

"नाही बाई. तो गाळलाय."

"बरं केलंत," बाई समाधानानं म्हणाल्या. "तिथे चालतं."

शेजारच्या खोलीत टाइपरायटर पुन्हा सुरू झाला.